न सोडलेली पाळी

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, गेले तेव्हा शेडमधल्या साऱ्या टाक्या भरलेल्या होत्या. घरात माणूस गेलं म्हणून मासे काही उपास करत नाहीत. लोक भेटायला येऊन बसलेले असायचे आणि ताई मध्येच उठून, चपला पायात सरकवून शेडवर जाऊन यायची. परत आली की तिच्या हातांना खाद्याचा वास असायचा.

शेड म्हणजे वर्कशॉपांच्या रांगेतली शेवटची, पत्र्याची लांबट इमारत. आत छातीइतक्या उंचीच्या गोल टाक्या, त्यांच्या तळाशी नळ्या, आणि त्या नळ्यांतून वर येणारे बुडबुडे. आत पाऊल टाकलं की पातेल्यात पाणी उकळत असल्यासारखा आवाज कानात भरायचा. भाऊजी आधी एका कंपनीत यंत्रांचे कंट्रोलर बनवायचे. ती नोकरी सोडून मासे पाळतो म्हणाले, तेव्हा त्यांची आई म्हणाली होती, "त्यात पाळायचं काय? ते आपले आपण पोहतात."

पण एवढ्याशा पाण्यात एवढे मासे ठेवले की ते आपले आपण जगत नाहीत. पाण्यात हवा सोडावी लागते, पाणी कोमट ठेवावं लागतं, खाद्य थोडं थोडं टाकावं लागतं. हे सगळं सांभाळायला भाऊजींनी भिंतीवर एक डबी लावली होती, जेवणाच्या डब्याएवढी. घरात तिला सगळे 'मेंदू' म्हणत. त्या मेंदूत चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे त्यानं काय कधी करायचं याचा प्रोग्राम, भाऊजींनी स्वतः लिहिली होती.

ताईची धाकटी बहीण बारकी. घरात सगळ्यांपेक्षा उंच वाढली तरी नाव बारकीच राहिलं. ती सॉफ्टवेअरवाली, वेबसाइटी बनवायची. भाऊजी असताना एकदा ती सुट्टीला आली होती, तेव्हा जेवणं झाल्यावर त्यांनी तिला लॅपटॉपवर ती स्क्रिप्ट दाखवली होती. इतके दिवस घरात त्या स्क्रिप्टचं कौतुक करणारं कुणी नव्हतं, म्हणून ते रंगात आले होते.

"हे बघ, डबीतला प्रोसेसर गरीब आहे. एका वेळी एकच काम करतो. आणि कामं तर किती: हवेचा पंप, हीटर, खाद्य, दिवे, वर फोनवर धोक्याची घंटा. म्हणून प्रत्येक काम एक कोरूटीन केलंय. थोडं चालायचं, मग यील्ड म्हणायचं आणि पाळी सोडायची. पुढची पाळी आली की जिथे थांबलो तिथूनच पुढे."

"आणि एखाद्यानं सोडलीच नाही तर?" बारकीनं विचारलं होतं. तिला उत्तर माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायला मजा येत होती.

"तर बाकीचे बसतात बोंबलत. नाही, चुकलो. बोंबलायलासुद्धा पाळी यावी लागते. घंटेचं कामही रांगेतच उभं आहे ना. इथे कुणी कुणाच्या हातातून हिसकावून घेत नाही, ज्यानं त्यानं आपणहून सोडायची."

"थोडक्यात, पाळी चुकली की घोटाळा," ताई टेबल पुसता पुसता म्हणाली होती. "हे बायकांना नव्यानं सांगायला नको."

भाऊजींची आई तोंड फिरवून हसली होती. मग भाऊजींनी 'राखण्या' दाखवला होता. डबीतच एक वेगळी चिप होती. सगळ्या कामांची एक फेरी झाली की तिला एक टिचकी मारायची. टिचकी आली नाही तर तिनं समजायचं की कुणीतरी अडवून बसलंय, आणि अख्खी डबी बंद करून पुन्हा चालू करायची. चालू झाल्याबरोबर पहिलं काम पंप सुरू करणं. "माणसावर विश्वास ठेवावा," भाऊजी म्हणाले होते, "पण कुलूप लावून."

ते गेले ते शेडमध्येच. छातीत कळ आली, खाद्याच्या पोत्यावर बसले आणि तिथून उठलेच नाहीत.

त्यानंतर बारकी ताईकडे राहायला आली. तिचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होण्यासारखं. जेवणाच्या टेबलाचं एक टोक तिनं घेतलं. दुसऱ्या टोकाला मावशी, म्हणजे ताईच्या सासूबाई, भाजी निवडत बसायच्या. दोघींचं फारसं बोलणं होत नसे, पण एकमेकींची सवय झाली होती. मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. खडा दिसला नाही की त्या बारकीकडे मूठ पुढे करायच्या आणि बारकी टाइप करता करता खडा वेचून द्यायची.

ताईचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेड नीट चालत होती. मेंदू आपलं काम बिनतक्रार करत होता. शेडवर मामा होते, भाऊजींच्या वेळेपासूनचे कामगार, ते दिवसभर तिथेच असायचे. तरी ताई जेवता जेवता उठायची, अंघोळीला जाता जाता परत फिरायची. "आवाज येतोय का बघून येते," एवढंच म्हणायची. पंपाच्या आवाजावर तिचा जीव टांगलेला होता. वाळून काटकी झाली होती ती.

"मी तुला शेड फोनवर दाखवते," बारकी एक दिवस म्हणाली. "कॅमेरा लावू. डबीच दर थोड्या वेळानं फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवेल. घरी बसून बघ."

"खरंच होईल?"

"त्यात काय अवघड आहे."

अवघड नव्हतंच. बारकीनं कॅमेरा आणला, टाक्यांच्या वर लावला, आणि भाऊजींच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक कोरूटीन घातलं: फोटो काढ, इंटरनेटवर पाठव, पोचल्याचं उत्तर येईपर्यंत थांब, मग पाळी सोड. ते 'उत्तर येईपर्यंत थांब' तिला लिहितानाच खटकलं होतं. थांबायचं तेही तुकड्या-तुकड्यांनी थांबायला हवं, प्रत्येक तुकड्यानंतर पाळी सोडून. तिला ते पुरतं ठाऊक होतं. पण आधी फोटो जातोय का ते बघू, म्हणून तिनं सरळ एका दमात थांबणारं लूप लिहिलं. फोटो जायला वेळ लागायचा, तेवढ्यात राखण्याला टिचकी मिळायची नाही आणि तो डबी पुन्हा चालू करायचा. फोटो अर्धाच राहायचा. दोन-चारदा असं झाल्यावर बारकीनं राखण्या बंद केला. एका ओळीचं काम होतं. मनात म्हणाली, नीट लिहून झालं की लगेच चालू करू.

त्या दिवशी संध्याकाळी ताईच्या फोनवर पहिला फोटो आला. हिरवट पाणी, त्यात काळ्या पाठी, गोल फिरणाऱ्या. ताई कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मावशींना दाखव." मावशींनी फोन नाकापर्यंत नेला आणि म्हणाल्या, "मला काही दिसत नाही बाई, पण तू खूश दिसतेस."

ताई त्या दिवसापासून जरा झोपू लागली. ताटावरून उठायची बंद झाली. बारकीच्या ऑफिसात त्याच आठवड्यात नवीन काम अंगावर येऊन पडलं, सकाळपासून मीटिंगा. स्क्रिप्टमध्ये दुरुस्ती करायची राहिली. राहिली म्हणजे विसरली नव्हती. टेबलावर बसली की तिला आठवायचं, आणि ती स्वतःलाच म्हणायची, उद्या. चालतंय ना तोवर.

*

मावशींच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. दवाखाना लांब होता, जाऊन यायला दिवस मोडणार होता. ताईनं भाऊजी गेल्यापासून शेड इतका वेळ सोडली नव्हती. जावं की न जावं, असं तिचं चाललं होतं. बारकीच म्हणाली, "फोनवर दिसतंय की. चल." ताईनं मग मामांनाही सांगून टाकलं, "तुम्हीही दुपारी घरी जाऊन आडवे व्हा. संध्याकाळच्या खाद्याला या. किती दिवस सुट्टी नाही घेतलीत."

दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या ताई मध्ये मध्ये फोन बघत होती. फोटोत मासे ठीक दिसत होते. मावशींना आत नेलं, बाहेर आणलं, डोळ्यावर पांढरी पट्टी. मावशी म्हणाल्या, "कळलंसुद्धा नाही. उगाच घाबरत होते मी." ताईनं त्यांना कॅन्टीनमध्ये चहा पाजला. कितीतरी दिवसांनी तिघी निवांत बसल्या होत्या. ताईनं पुन्हा फोन उघडून बघितला आणि बारकीला म्हणाली, "तुझ्यामुळे आज बाहेर पडले."

परतीच्या वाटेवर, टॅक्सीत, मामांचा फोन आला.

"ताई, शेडमध्ये आवाज नाहीये."

"कसला आवाज?"

"कसलाच नाही."

ताईनं फोन कानापासून काढून फोटो उघडला. "अहो मामा, मला तर मासे दिसतायत."

"मलाही दिसतायत," मामा म्हणाले. "उताणे आहेत, ताई."

त्यांनी पंपाचं बटण हातानं दाबून चालू केलं होतं. त्याचा उपयोग होण्याची वेळ कधीच टळून गेली होती.

तिघी पोचल्या तेव्हा उजेड होता. आत बुडबुडे पुन्हा सुरू झालेले होते आणि त्यामुळे सगळं आणखीच वाईट दिसत होतं. बुडबुड्यांनी मेलेले मासे पाण्यावर हलकेच हलत होते, पांढरी पोटं वर, तोंडं उघडी. टाकीमागून टाकी तशीच. ताई एकेका टाकीच्या कडेला हात टेकून आत बघत गेली. शेवटच्या टाकीपाशी पोचल्यावर ती तशीच परत फिरली आणि पहिल्यापासून पुन्हा बघू लागली.

बारकी डबीसमोर उभी होती. डबीवरच्या छोट्या पडद्यावर घड्याळ होतं. ते दुपारच्या वेळेवर थांबलेलं होतं. तिला लॅपटॉप जोडायचीसुद्धा गरज नव्हती, तरी तिनं जोडला. कॅमेऱ्याचं काम उत्तराची वाट बघत बसलेलं होतं. दुपारी कधीतरी इंटरनेटची लाइन अर्धवट तुटली असणार. फोटो गेला, पोचल्याचं उत्तर काही आलं नाही. त्या वेळी पंप विसावा घेत होता, जसा तो दर थोड्या वेळानं घ्यायचा. पंपाला परत उठवणारं काम आपल्या पाळीची वाट बघत राहिलं. धोक्याची घंटा देणारं कामही त्याच रांगेत त्याच्यामागे. आणि ताईच्या फोनवर तो शेवटचा फोटो, त्यात सगळे मासे जिवंत.

मावशी टॅक्सीतच बसून होत्या. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं धूसर. "काय झालं गं?" त्या विचारत होत्या. मामांनी जाऊन त्यांना सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपवाला आला. हा माणूस भाऊजींचा जुना ओळखीचा. पंप त्यानंच बसवले होते. पंप उघडून, फिरवून, परत बंद करून तो म्हणाला, "पंप ठणठणीत आहे, वहिनी. घोटाळा या मेंदूत आहे. मी तेव्हाच म्हणत होतो, कंपनीचं तयार यंत्र घ्या. पण साहेबांना सगळं स्वतः करायची हौस. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण राहिलं असेल काहीतरी अर्धवट."

बारकी तिथेच जाळी घेऊन मासे उपसत होती. पंपवाल्याला काय सांगायचं, आधी ताईला सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं.

दुपारी घरी ताई सगळ्यांदेखत बोलली. शेजारच्या बाई आल्या होत्या, मावशी पट्टी बांधून खुर्चीत. ताई म्हणाली, "जाता जाता आम्हालाही बुडवून गेला. मी किती वेळा म्हटलं असेल, एवढं सगळं एका डबीवर सोपवू नकोस. पण ऐकेल तर शपथ." तिच्या आवाजात रडं नव्हतं. एखाद्या माणसाशी खूप दिवसांनी भांडायला मिळावं तसा आवाज होता तो. मावशी खुर्चीत ताठ बसून राहिल्या. त्यांचा उघडा डोळा जमिनीकडे होता.

संध्याकाळी दोघी बहिणी शेडमागे खड्ड्यापाशी होत्या. मामा मासे आणून ओतत होते, ताई वर चुना टाकत होती. मामा रिकामी घमेली घेऊन आत गेले तेव्हा बारकी म्हणाली, "ताई, भाऊजींचं काही चुकलं नव्हतं."

ताईनं चुना टाकणं थांबवलं नाही.

"मी कॅमेऱ्याचं काम घातलं ना, ते पाळी सोडत नव्हतं. आणि भाऊजींनी अशा वेळेसाठीच राखण्या ठेवला होता. तो मी बंद केला होता. परत चालू करायचा होता. मला माहीत होतं, ताई. मी रोज उद्यावर टाकत होते."

ताईचा हात थांबला. मग तिनं विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"नको सांगूस."

"म्हणजे?"

"म्हणजे नको सांगूस. तो गेलाय. त्याला काही लागत नाही आता. मी त्याला दिवसभर शिव्या घातल्या तरी तो संध्याकाळी रुसून बसणार नाही." तिनं चुन्याचे हात एकमेकांवर झटकले. "आणि तुझ्यावर मी चिडले तर काय करू? मला दुसरं आहे कोण? घरात त्या, आणि तू. बस. त्याच्यावर चिडून मला बरं वाटतंय, बारके. पहिल्यांदा बरं वाटतंय. राहू दे."

"पण ते खोटं आहे."

"असू दे की. एवढं सगळं खरं झालंय, एक खोटं राहिलं तर बिघडलं कुठे."

मामा परत आले आणि बोलणं तिथेच राहिलं.

बारकीनं ऐकलं. ऐकायला तिला जडही गेलं नाही, हे तिला स्वतःला नंतर फार लागलं. ताई तिला जवळ ठेवत होती, त्यासाठी फक्त गप्प बसायचं होतं. पुढचे दिवस टाक्या रिकाम्या करण्यात, घासण्यात, नळ्या उकळत्या पाण्यात टाकण्यात गेले. वास कपड्यांतून जात नव्हता. ताई कामाला वाघीण होती, घासता घासता पुटपुटायची, "सगळं मलाच. हा बसलाय वर आरामात." बारकी खाली मान घालून घासत राहायची.

*

पण घरात मावशी होत्या, आणि कुणी आलं की त्या हात जोडू लागल्या. पंपवाल्यानं गावभर केलंच होतं. शेजारच्या बाई आल्या, तर मावशी म्हणाल्या, "माझ्या पोरानं काहीतरी अर्धवट ठेवलं हो. सुनेचं नुकसान केलं." माशांचं नेहमीचं गिऱ्हाईक आलं, त्यालाही तेच. ताई चहा ठेवायला आत निघून जायची. एकदा मामा घरी किल्ली द्यायला आले, तर मावशी त्यांच्यापुढेही हात जोडायला लागल्या. मामा म्हातारे, ते कावरेबावरे झाले. "असं नका करू, आई," ते म्हणाले. "साहेब माझ्यासमोर रोज तपासायचे सगळं."

"तपासायचा, मग असं कसं झालं?" मावशी म्हणाल्या.

त्याचं उत्तर मामांकडे नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्या दोघींपैकी एक स्वयंपाकघरात भांडी लावत होती आणि एक टेबलावर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती.

पट्टी निघाल्यावर मावशींना स्पष्ट दिसायला लागलं. पहिल्यांदा त्यांनी काय केलं, तर भिंतीवरचा भाऊजींचा फोटो काढून खिडकीपाशी नेऊन बघितला. मग तो परत भिंतीवर लावला नाही. कपाटात, कपड्यांखाली ठेवून दिला. बारकीनं ते पाहिलं.

दोन दिवस गेले असतील. ताई शेडवर होती. मावशी टेबलाच्या त्यांच्या टोकाला येऊन बसल्या. समोर निवडायला काही नव्हतं.

"तू त्याच्याच कामातली," त्या म्हणाल्या. "मला समजेल असं सांग. त्याचं नेमकं चुकलं काय? मला लोकांसमोर नुसतं 'काहीतरी' म्हणावं लागतं. आईला ठाऊक असावं ना, पोरानं काय केलं ते."

बारकीनं लॅपटॉप मिटला. ती म्हणाली, "मावशी, समजा घरात एकच गॅस आहे, एकाच शेगडीचा. त्यावर तुम्हाला दूधही तापवायचंय, आमटीही, पाणीही. तुम्ही एकेक भांडं थोडा वेळ ठेवता, उतरवता, दुसरं ठेवता. सगळं होतं. पण एखादं भांडं कुणी ठेवून निघून गेलं आणि उतरवलंच नाही, तर बाकी सगळं कच्चं राहतं."

"बरं. मग त्यानं उतरवलं नाही?"

"भाऊजींची सगळी भांडी वेळेवर उतरत होती. शिवाय एखादं राहिलंच तर गॅस बंद करून परत लावणारा माणूसही त्यांनी उभा केला होता." बारकीनं मिटलेला लॅपटॉप बाजूला सरकवला. "न उतरणारं भांडं मी ठेवलं. कॅमेऱ्याचं. आणि तो माणूस माझ्या कामाच्या आड येत होता, म्हणून मी त्याला घरी पाठवला. भाऊजींचा यात काही दोष नाही. अजिबात नाही."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. नव्यानं दिसू लागलेला डोळा स्वच्छ होता, त्यात बारकीला स्वतःची खिडकीसमोरची आकृती दिसत होती.

"कधी कळलं तुला?"

"त्याच संध्याकाळी."

"आणि तिला?"

बारकी गप्प बसली. खोटं बोलावंसं तिला वाटलं. तिनं सगळं आपल्या एकटीवर घेतलं असतं तर निदान या दोघींत काही तुटलं नसतं. पण मावशींनी ते गप्प बसणंच उत्तर म्हणून घेतलं.

"तिला माहीत होतं," मावशी हळू म्हणाल्या. "मी हात जोडत होते, आणि ती चहा ठेवायला जात होती."

त्या उठल्या, कपाटापाशी गेल्या, फोटो काढला, पदरानं पुसला आणि जागेवर लावला. मग आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. रडल्याचाही आला नाही.

ताई आली तेव्हा बारकीनं दारातच सांगितलं. ताईनं पायातल्या चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या. भिंतीवरच्या फोटोकडे तिची नजर गेली.

"तुला एकच गोष्ट मागितली होती मी," ती म्हणाली.

"त्या स्वतः विचारत होत्या, ताई. रोज लोकांपुढे हात..."

"मला दिसत होतं. आंधळी नाही मी." ताई भिंतीला टेकून खाली बसली. "दिसत होतं आणि तरी चालवून घेत होते. किती वाईट आहे मी, ते मला कळत होतं. पण ते माझं मला. आता त्यांनाही कळलं." मग ती म्हणाली, "माझे मासे मेले, ते मी पचवलं असतं. तू उद्या जा, बारके. खरंच जा. तुझ्याकडे बघितलं की मला आता नुसती ती डबी दिसेल."

बारकी दुसऱ्या दिवशी निघाली, पण आधी शेडवर गेली. कॅमेऱ्याचं काम स्क्रिप्टमधून काढून टाकलं, राखण्या चालू केला. मग तिनं मुद्दाम एक अडेलतट्टू काम लिहून घातलं, जे पाळी कधीच सोडणार नाही, आणि डबीसमोर उभी राहिली. घड्याळ थांबलं. थोड्याच वेळात पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि नुसतं पाणी भरलेल्या टाकीत पंपानं बुडबुडे सोडायला सुरुवात केली. मामा शेजारी उभे होते. "एवढंच होतं?" त्यांनी विचारलं. बारकी म्हणाली, "हो. एवढंच." तिनं ते अडेलतट्टू काम पुसलं, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि मामांच्या पाया पडावं की पडू नये या विचारात तशीच बाहेर पडली.

*

नंतरचं तिला मामांकडून कळत गेलं. ताईनं शेड विकली नाही. दोन टाक्यांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली. पंपवाल्यानं कंपनीचं यंत्र आणून दाखवलं, ते तिनं परत पाठवलं. सासू-सून एकाच घरात राहतात. वाढलेलं मावशी खातात, औषध हातावर ठेवलं की घेतात, बोलत नाहीत. शेजारच्या बाई, गिऱ्हाईक, पंपवाला, सगळ्यांना मावशींनी एकेकाला गाठून सांगितलं की आपल्या मुलाची चूक नव्हती. चूक कुणाची, ते सांगितलं नाही.

बारकी आपल्या भाड्याच्या खोलीत परत आली, कामाला लागली. ताईला तिनं अनेकदा फोन केले. ते वाजून वाजून बंद झाले.

मग एका सुट्टीच्या सकाळी ताईचाच फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. मागे पाण्याचा आवाज होता, म्हणजे ती शेडमधून बोलत होती.

"खाद्याच्या कामात एक ओळ आहे," ताई म्हणाली. "त्यात यील्डच्या पुढे कंसात आकडा आहे. तो कशाला?"

"तू स्क्रिप्ट वाचतेस?"

"वाचायला शिकतेय. कुणाच्या भरवशावर नाही ठेवायची मला आता. आकडा कशाला ते सांग."

"पाळी सोडताना ते काम सांगतं की मला इतका वेळ परत उठवू नका. तेवढा वेळ भाऊजींचं रांग लावणारं फंक्शन त्याला वगळून पुढे जातं."

"म्हणजे आकडा वाढवला तर खाद्य उशिरा पडेल."

"हो. पण बाकी कशाला धक्का लागणार नाही."

पलीकडे ताई काहीतरी लिहून घेत होती. पेन चालत नसावं. ती ते कशावर तरी घासत असल्याचं ऐकू आलं.

"ताई," बारकी म्हणाली, "मी येऊन एकदा सगळं समजावून देऊ का? एका दिवसात होईल."

"नको."

"मावशी बऱ्या आहेत?"

"दुसऱ्या डोळ्याचंही झालं. मामा घेऊन गेले होते." मग ताई म्हणाली, "अडलं की मी फोन करीन. त्याच वेळी उचल."

तिनं फोन ठेवला. बारकीनं नाश्त्याची बशी बाजूला सरकवली, लॅपटॉप उघडला, भाऊजींची स्क्रिप्ट काढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसली, म्हणजे ताई पुढच्या वेळी जे विचारेल ते तिला चटकन सांगता यावं.